उसनं नख

सोलापुरात गिटारची पिक मागितली की दुकानदार काउंटरखालून एक बरणी काढतो, ती काचेवर उपडी करतो आणि म्हणतो, "घ्या की कुठलीही." गिटार विकताना हाच माणूस तासभर बोलतो. वरचं लाकूड सलग की प्लायवूड, मानेत सळई आहे की नाही, कव्हर फुकट की त्याचे वेगळे पैसे. आणि तारेला प्रत्यक्ष शिवणारी जी एकुलती एक वस्तू, तिच्याबाबत 'कुठलीही'! काचेवर लाल, पिवळ्या, दुधी, संगमरवरी नक्षीच्या तिकोनी चकत्या पसरलेल्या. समोर गिऱ्हाईक कोण, तर जन्मभर भेंडीचं शेपूट मोडून मगच भाव विचारणारा निवृत्त प्राध्यापक. मी एकेक पिक उचलून वाकवून बघायला लागलो. बरीचशी बरणी वाकवून झाली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि पंखा एक आकडा वाढवला. एप्रिलच्या सोलापुरात हा आदरातिथ्याचा वरचा दर्जा समजावा.

मला फ्लॅटपिकिंग शिकायचं आहे. साठी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात, होमिओपॅथीची पुस्तकं वाचतात. माझ्या वाट्याला हे आलं. भाचा नोकरीसाठी बंगळूरला जाताना गिटार आमच्याकडे टाकून गेला. जाताना म्हणाला, "मामा, नुसती कोपऱ्यात उभी करू नका, हात फिरवत जा." सोबत ऐकायला डॉक वॉटसन देऊन गेला, तिथे माझा घात झाला. वॉटसन हा अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरी मुलखातला, अगदी लहानपणी दृष्टी गेलेला माणूस. तिकडे नाचाच्या मेळाव्यात धावत्या चाली फिडलने वाजवायच्या आणि गिटारने मागे उभं राहून मुकाट ताल धरायचा, अशी वहिवाट होती. 1950च्या दशकात वॉटसन ज्या बँडमध्ये वाजवायचा त्यात फिडलवालाच नव्हता. मग त्याने फिडलच्या त्या चाली गिटारवर ओढून आणल्या, एका चपट्या पिकने. एक आघात खाली, एक वर, परत खाली, परत वर. आपल्याकडचा सरोदिया दा आणि रा म्हणतो तेच हे. फक्त वेग असा, की ऐकणाऱ्याला दोघे वाजवताहेत असं वाटावं. या वाजवण्यात डाव्या हाताने काहीही पराक्रम केला तरी शेवटी सगळं येऊन ठेपतं उजव्या हाताच्या दोन बोटांत धरलेल्या त्या चकतीवर.

निसर्गाने बोटाला नख दिलेलं असताना ही उसनवारी कशाला, असा प्रश्न आमच्या घरातून आला. (घरातून म्हणजे हिच्याकडून.) प्रश्न बरोबर आहे. पण गिटारच्या सहा पोलादी तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास भरतो, आणि त्यांच्यावर रोज नख घासायचं म्हणजे ते आठवडाभरात झिजणार. त्यात आमचं घर सोलापुरी कडक भाकरीचं. ती मोडणाऱ्या हातावर नख राखायचं हा मुळात शौकीन विचार.

आपल्या मुलखात हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे, आणि ज्याने त्याने तो हाताशी जे होतं त्यातून सोडवलेला आहे. लावणीकार रामजोशी आमच्या सोलापूरचे. त्यांच्या परंपरेतलं तुणतुणं एकाच तारेचं. ते कुणी तर्जनीने छेडतं, कुणी बारक्या काडीने. काडी तुटली तर दुसरी काडी. सतारीला तारेचीच वळवलेली नखी, तर्जनीत घट्ट बसवलेली. सरोदला जवा, तो नारळाच्या करवंटीचा. आणि पंढरपूरच्या वाटेवर दिंडीत जो विणेकरी असतो, त्याच्या गळ्यातल्या वीणेला उघडं बोट पुरतं. त्याला जाडी किती मिलिमीटर, असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. मिरजेची सतार जगभर जाते, 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या सतारीचा भोपळा आमच्या पंढरपूरच्या बाजूला पिकतो, हे जाता जाता सांगितल्याशिवाय सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला चैन पडत नाही. भोपळा आमचा, तार कुठूनही येवो.

गिटारच्या पिकला मात्र जाडी आहे, आणि ती शंभराव्या भागापर्यंत मोजलेली आहे. डनलॉप कंपनीच्या कासवछाप पिका रंगावरून ओळखू येतात: लाल 0.50 मिलिमीटर, नारिंगी 0.60, पिवळी 0.73, हिरवी 0.88, निळी 1.0, जांभळी 1.14. नवशिका हटकून लाल किंवा नारिंगी उचलतो. ती तारेवरून सहज वाकते, कुठेच अडत नाही, सहाही तारांवरून झर्रकन फिरवली की आपल्याला सगळं येतं असा भास होतो. कॉलेजच्या सहलीत गाण्यांना साथ करायला ती उत्तम. पण एकेका सुराची ओळ वाजवायला घेतली की तिची अडचण कळते. तार सुटायच्या आधी पिकच वाकते, आणि ती सरळ होऊन परत येईपर्यंत पुढच्या सुराची वेळ टळलेली असते. शिवाय प्लास्टिकचा एक 'टिक्' आवाज प्रत्येक सुराच्या आधी पोचतो. सूर पाहुणा आणि टिक् त्याची दारावरची थाप, इतपत असतं तर चाललं असतं. इथे पाहुण्यापेक्षा थापच मोठी.

म्हणून फ्लॅटपिकिंगवाले जाड पिकचे. एक मिलिमीटरच्या पुढे, दीडपर्यंत. जाड पिक वाकत नाही, त्यामुळे वाकायचं काम मनगटावर येतं. माझ्या मनगटाने आयुष्यभर उत्तरपत्रिकांवर लाल रेघा ओढल्या. वाकणं हा त्याचा स्वभाव नाही. पहिल्या दिवशी जाड पिक खालच्या तारेत अशी अडकली, की पलीकडच्या खोलीतून "काय पडलं?" अशी हाक आली. भाच्याने फोनवर उपाय सांगितला: पिक तारेला समांतर धरू नका, जराशी तिरपी करा, टोक नेमकं तारेच्या रेषेत नको, कडेने घासून निघालं पाहिजे, आणि इतकी घट्ट धरू नका, मामा, ती पळून जात नाही. यातलं शेवटचं खोटं आहे, त्याच्याकडे येतोच.

पिकच्या टोकाचाही एक गमतीचा भाग आहे. नेहमीची पिक थेंबासारख्या आकाराची: एक टोक अणकुचीदार, दोन खांदे गोलसर. कोणीही माणूस ती टोकाने वाजवेल. पण पुष्कळसे मुरलेले फ्लॅटपिकर तिला फिरवून गोल खांद्याने वाजवतात, त्याने आवाज भरीव आणि गोडसर येतो. काही जण त्यासाठी मोठी तिकोनी पिक घेतात, तिन्ही कोपरे सारखे. एक झिजला की दुसरा. माझ्या पेन्शनर मनाला हा तिकोनी प्रकार फार पटला.

आता ती 'कासवछाप' नक्षी. ही नुसती नक्षी नाही, तो पूर्वजांचा फोटो आहे. पूर्वी चांगली पिक खऱ्या कासवाच्या कवचाची असायची, समुद्रातलं चोचीचं कासव, ज्याला इंग्रजीत हॉक्सबिल म्हणतात. त्याची पिक तारेला हलकेच चिकटते आणि हलकेच सोडते, म्हणतात. टोनी राइस हा फ्लॅटपिकिंगमधला मोठा माणूस, तो कासवाच्याच पिकने वाजवायचा. कवचासाठी कासवं इतकी मारली गेली, की 1970च्या दशकात जगभर या व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने कासवांना संरक्षण आहेच. आमच्याच राज्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला माणसं रात्री जागून समुद्रकासवांची अंडी राखतात. तिथली कासवं वेगळ्या जातीची, पण त्या किनाऱ्यावर उभं राहून एका सुरासाठी कवच मागायची हिंमत मला तरी होणार नाही.

कासवाच्या जागी आलं सेल्युलॉइड, आणि इथे सोलापूरच्या माणसाने जरा सावरून बसावं. 1870च्या सुमाराला अमेरिकेत जॉन हायट नावाच्या गृहस्थाने बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना हे सेल्युलॉइड रुळवलं. ते बनतं कशाचं? कापूस, म्हणजे त्यातला सेल्युलोज, नायट्रिक आम्लात मुरवायचा आणि तो लवचिक राहावा म्हणून त्यात कापूर घालायचा. कापूस आणि कापूर! आमच्या देवघरातल्या दोन डब्या. ज्या गावात 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली आणि जिथे पुढे कित्येक पिढ्यांनी कापसाची धूळ फुप्फुसात घेतली, त्या गावात बसून मी कापसाने गिटार वाजवतो आहे, हे मला कळलं तेव्हा उगाचच मालकी हक्क वाटला. आमचा कापूस चादरीत गेला, टॉवेलात गेला, धोतरात गेला. पिकमध्ये गेला नसेल तर तो निव्वळ आळस.

पिकमध्ये कापूर आहे याची खातरजमा सोपी आहे. सेल्युलॉइडची पिक काचकागदावर घासली की कापराचा वास येतो. मी कडा गोल करायला म्हणून दुपारी गॅलरीत घासत बसलो होतो, तर ही आतून म्हणाली, "अहो, या वेळेला कापूर कुणी लावला?" आणि कापराच्या भावंडांचा जो गुण, तोही यात आहे: भडकन पेटतं. जुन्या सिनेमाची फिल्म याच घराण्यातली. 2003च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुन्या चित्रपटांच्या प्रती गेल्या. तेव्हा सेल्युलॉइडच्या पिका देवघरात ठेवू नयेत, इतकी व्यावहारिक सूचना मी इथे नोंदवतो.

गिटारच्या पिकचा धंदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो न्यूयॉर्कचा लुइजी डीआंद्रेया. 1922 साली त्याने रस्त्यावरच्या विक्रीत सेल्युलॉइडचे पत्रे आणि कापायचे साचे घेतले. त्यांतून पडलेले बदामी तुकडे मँडोलिनच्या पिकसारखे दिसतात हे म्हणे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं, आणि घराण्याचा पोटापाण्याचा प्रश्न मिटला. मला या गोष्टीतला मुलगा आवडतो. आपल्याकडे मुलाने असं काही सुचवलं असतं तर आधी अभ्यास कर म्हणून सांगितलं असतं.

पुढे नायलॉन आलं, डेल्रिन आलं, आणि आता तर विमानाच्या इंजिनात वापरतात त्या जातीच्या पॉलिइमाइडची ब्लूचिप नावाची पिक अमेरिकेत मिळते. किंमत 35 डॉलरच्या पुढे. म्हणजे आपले तीन हजार रुपये, एका नखाचे. ती झिजत नाही, टिक् करत नाही, घामाने सुटत नाही, असं भाचा म्हणतो. मी ती मागवली नाही. एवढ्या पैशात चाटी गल्लीत काय काय येतं याची यादी हिने मला न विचारता सांगितली. पण खरं कारण वेगळं आहे: तीन हजारांची पिक हातात घेऊन माझं वाजवणं आहे तसंच राहिलं, तर दोष द्यायला काही उरणार नाही. दहा रुपयांच्या पिकला ही सोय आहे.

त्याच्या उलट टोकाला फुकटची पिक. बँकेचं जुनं कार्ड मुदत संपल्यावर कापून टाका असं बँकच सांगते. सगळ्या जगात या कार्डाची जाडी ठरलेली आहे, 0.76 मिलिमीटर, म्हणजे पिवळ्या पिकच्या किंचित वर. नीट कापलं तर एका कार्डात तीन-चार पिका बसतात. माझ्या एका पिकवर खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे अजून दिसतात. आवाज बरा येतो, पण पीव्हीसी मऊ असल्याने टोक लवकर बोथट होतं. क्वीन बँडचा ब्रायन मे सहा पेन्सचं नाणं वापरतो. हे वाचून मी आपलं चार आण्याचं नाणं शोधलं; 2011 साली सरकारने ते चलनातून काढलं, तेव्हा त्याला काहीतरी काम मिळावं असा हेतू होता. नाणं तारेला खातं. तार महाग, चार आणे नाही.

आता उन्हाळा. पिक निवडण्याची पुस्तकं लिहिणारे लोक बहुधा थंड प्रदेशातले असावेत. त्यांच्या विचारात घाम नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर असतो, आणि कूलरसमोर बसलं तरी अंगठा ओला. ओल्या अंगठ्यातली गुळगुळीत पिक आधी हळूहळू फिरते, मग आडवी होते आणि ऐन चढ्या चालीत गिटारच्या पोटातल्या गोल भोकातून आत जाते. पिक पळून जात नाही, असं भाचा म्हणाला होता ते हे. मग गिटार डोक्यावर उपडी धरून हलवायची. आतून खडखड येते, पिक भोकापाशी येते, डोकावते आणि परत जाते. या वेळी बेल वाजून दुधाचा हिशोब करायला कुणीतरी येतंच. यावर उपाय म्हणून लोक पिकला भोकं पाडतात, राळ लावतात, पाठीवर जाळीदार नक्षी असलेली नायलॉनची घेतात. मी सुईने दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघा ओरबाडल्या आहेत. दिसायला वाईट, पण धरायला बरी. जवाच्या पकडीच्या बाजूला मेण किंवा दोरा लावतात त्यामागची अक्कल मला या मे महिन्यात पटली.

इतकं सगळं होऊनही माझ्या मनातला आवाज मिळत नव्हता, तेव्हा बँजोवाला भेटला. आमच्याकडे बँजो म्हणजे अमेरिकेतला तो डफासारखा बँजो नव्हे. टाइपरायटरसारख्या कळा असलेला बुलबुलतरंग, वर पिकअप आणि मोठाले भोंगे. गणपती, गड्ड्याची जत्रा, वरात, जयंती, सगळीकडे हाच. रवी जाधवांनी 2016 साली यावर हिंदी चित्रपट काढला तेव्हा कुठे बाकीच्या देशाला कळलं. एका रात्री एक वरात आमच्या गल्लीत ट्रॅफिकमुळे थांबली होती, त्या अवधीत मी बँजोवाल्या पोराला विचारलं, "नखी कसली वापरतोस?" त्याने हात उघडून दाखवला. शाम्पूच्या बाटलीच्या बुडातून कापलेला तुकडा, दुमडून दोन पदरी केलेला, मध्ये सायकलच्या ट्यूबचा रबर. "काका, विकतची अर्ध्या वरातीत जाते. हे दोन लग्नं काढतंय." मागून ढोलवाला ओरडला, "ए, काय करूलाला बे? गाडी सुटली!" आणि तो गेला. चार तास, न थांबता, उभ्याने, चालत्या टेम्पोवर वाजवणाऱ्याचा हा अनुभव. यापुढे मला कुठल्याही मासिकातली पिकची परीक्षणं पोरकट वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना ही हकिकत सांगितली. अण्णांचे पूर्व भागात यंत्रमाग आहेत. वाडवडील तेलंगणातून आलेले. घरात तेलुगू, मागावर मराठी, बाजारात कन्नडही. ते निवांत ऐकत होते. मग शेडमध्ये गेले आणि एक काळपट, जाड, झिजलेला ठोकळा घेऊन आले. पिकर. यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे फेकायला जो ठोसा लागतो तो मारणारा भाग. पूर्वी तो म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे, आता चिवट प्लास्टिकचा येतो. "सर, हे मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोट्याच्या थोबाडीत मारतंय," अण्णा म्हणाले, "वर्षानुवर्षं. तुमच्या तारेला काय भीक घालतंय?"

मी हातकरवतीने त्याचा काप काढला, कापता कापता घामाने निथळलो, मग आधी खरखरीत आणि नंतर बारीक काचकागदावर तो घासला. लेथवाल्याकडे व्हर्नियरने मोजला: दीड मिलिमीटरला एक केस कमी. कडा तिरप्या केल्या, एक खांदा गोल ठेवला. वाजवून पाहिलं. टिक् नाही. आवाज किंचित गडद, पण भरीव. खालची तार प्रथमच न कण्हता बोलली. अण्णांनी ऐकून मान डोलावली आणि मग माझी चाल चालू असतानाच तिसऱ्या तारेचा सूर उतरला आहे हे सांगितलं. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाचा कान कसा शाबूत राहतो, हा वेगळा विषय आहे.

ही पिक मी पुढच्या वरातीत त्या बँजोवाल्याला दाखवली. त्याने ती घेतली, दोन गाणी वाजवली, आणि परत द्यायच्या ऐवजी असल्या सहा पाहिजेत म्हणाला. पैसे देईन काका, म्हणाला. मी ही मागणी अण्णांकडे नेली आणि प्रकरण धंद्याच्या पातळीवर गेलं. पिकर अण्णांचा, करवत माझी, काचकागद अर्धा अर्धा, इथपर्यंत एकमत आहे. घासायची मजुरी नगावर की तासावर यावर बोलणी अडली आहेत. अण्णांचं म्हणणं नगावर. मी ज्या वेगाने घासतो ते त्यांनी गॅलरीतून पाहिलेलं आहे. मी निवृत्त शिक्षक असल्याने तासावर ठाम आहे. बँजोवाल्याचा निरोप आला आहे की गणपतीच्या आत ठरवा, नाहीतर शाम्पूची बाटली आहेच.